फुंकर

केमियोकी नदीच्या वरच्या अंगाला, पाइनच्या रानात
तारांनी ताणून धरलेला एक मनोरा आहे.
दर मंगळवारी मी चढते. गाळण्या बदलते,
मुंग्या झटकते, आणि फांदीवरची
डब्याएवढी पारदर्शक पेटी पुसते.
दर अर्ध्या तासाने ती मिटते,
हिरव्या सुया क्षणभर कोंडून धरते
आणि आतल्या हवेचा हिशोब लिहिते.
ऊन असेल तर रेघ उतरते.
ढग आला की अडखळते.
अंधारात मुकाट चढू लागते.

"रात्री काय खातं मग ते?" बाबा विचारतात.
दिवसाचंच. शिळं.
"आणि दिवसा श्वास घेत नाही?"
घेतं, बाबा. तेव्हाही घेतं.
पण रांधणं इतकं जोरात चाललेलं असतं
की जेवणाऱ्याचा आवाज ऐकू येत नाही.

बाबांनी चाळीस हिवाळे लाकूड तोडलं, फोडलं;
आधी करवत, मग यंत्र,
शेवटी पुन्हा कुऱ्हाड, घरच्या चुलीपुरती.
त्यांना म्हटलं, पानही फोडतं. पाणी.
"कशानं?"
उजेडानं.
ते बराच वेळ कुऱ्हाडीच्या दांड्याकडे बघत राहिले.
"मग ढलप्या?"
ढलप्या म्हणजे ऑक्सिजन. पानाला सगळ्या लागत नाहीत,
उरलेल्या उंबऱ्याबाहेर टाकून देतं.
ते हसले. नाकातली नळी हलली.
कोपऱ्यातलं यंत्र घरघरत
त्याच ढलप्या हवेतून वेचून त्यांना देत होतं,
मिनिटाला दोन लिटर.

"आणि इथे?" त्यांनी छातीवर बोट ठेवलं.
मी म्हटलं, इथे नुसती ये-जा.
खरं काम त्याच्याही आत, दंडात, पोटरीत,
पापणी उचलणाऱ्या एवढ्याशा स्नायूत.
पानानं उन्हात विणलेली साखर
तिथे टाक्याटाक्यानं उसवते.
जाळ दिसत नाही, ऊब हाताला लागते.
फोडलेलं पाणी पुन्हा सांधलं जातं;
तुम्ही खिडकीशी उभे राहून बोलता
तेव्हा काचेवर येतं ना, त्यातही ते असतं.
"आणि पाइनला ही भट्टी नाही?"
आहे. सुईतच आहे,
स्वयंपाकघराला अगदी भिंत लावून.

डिसेंबरात इथे सूर्य उगवायचं टाळतो.
गोठलेलं रान थोडं थोडं खातं,
रेघ मुंगीच्या चालीनं वर सरकते,
आणि बाबा रात्री उठून बसतात.

जूनमध्ये हट्टच धरला त्यांनी.
मनोरा नाही, पण पायथ्याच्या रोपट्यावर
दुसरी पेटी आहे, तिथवर तरी.
पाठीवर सिलिंडर, हातात काठी.
रात्रीचे पावणेअकरा, आणि ऊन खोडांवर तिरपं.
मी रोपटं दाखवत होते तोवर
त्यांनी नळी बाजूला केली, वाकले,
आणि उघड्या पेटीत फुंकर मारली,
लहानपणी माझ्या खरचटल्या गुडघ्यावर मारायचे तशी.
झाकण मिटलं.
चारशे वीसचा आकडा
एकदम तीन हजारांपलीकडे उडाला.
मी ओरडणार होते. ओरडले नाही.
रेघ उतरायला लागली होती.
आधी जरा बिचकत, मग सरळ.
"हिल्का," धापा टाकत ते म्हणाले,
"विचार त्याला, चव कशी होती."

कार्यालयाला कळवलं: मानवी श्वास,
रात्री १०.४५ ची नोंद वगळावी.
त्यांनी वगळली. नियमच आहे.

परतताना ते दर वीस पावलांवर थांबले,
दर थांब्याला हात कुठल्या ना कुठल्या खोडावर.
घरी येऊन बूटही न काढता म्हणाले, भूक लागलीय.
काळा पाव, लोणी, वाडगाभर ब्लूबेरी.
पाव त्यांनी दोनदा मागून घेतला.